नोकरी आहे म्हणून गाणं फुकट नाही

मराठी चित्रपटांच्या निर्माता-दिग्दर्शक मंडळींस,



मी तळेगाव दाभाड्याला राहते. नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पाळी असेल तशी जाते, गेज लावून माल तपासते, रिजेक्शनचा रिपोर्ट लिहिते. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, त्या दिवशी मी गिटार वाजवते आणि गाणी लिहिते. आमचा चौघांचा बँड आहे. आम्ही मराठीत रॉक करतो, शब्द आणि चाली आमच्याच. ड्रमर लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे, बेस वाजवणारा कामशेतजवळच्या शाळेत गणित शिकवतो, दुसरा गिटारिस्ट हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

दोन वर्षांपूर्वी पवना धरणाच्या काठी एका मराठी चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. युनिटमधल्या कुणीतरी शेजारच्या तंबूंच्या कॅम्पवर आमचं एक गाणं ऐकलं. आठवड्याभराने फोन आला. नायक रात्री एकटा घाट उतरतो, त्या प्रसंगाला हेच गाणं हवं, जसंच्या तसं, आमच्याच आवाजात. त्या रात्री आम्हा चौघांनाही झोप लागली नाही. मग कागद आला, एकच पान. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे निर्मात्याकडे. रकमेच्या जागी नुसती रेघ. मी फोन लावून विचारलं. पलीकडच्या माणसाने न चिडता, अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, तुम्हाला नोकऱ्या आहेतच की. हौस म्हणून करता ना तुम्ही? नाव होईल."

आम्ही सही केली नाही. खरं तर मी केली नाही. बेसवाल्याला करायची होती. गाणं शेडमध्ये पडून राहण्यापेक्षा पडद्यावर गेलेलं काय वाईट, असं त्याचं म्हणणं. त्याने ॲम्पसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं होतं आणि त्याच्या वडिलांनी एकदाही आमचं वाजवणं ऐकलेलं नव्हतं. थिएटरात ऐकलं असतं. दीड महिना आम्ही वाजवण्यापुरतंच एकमेकांशी बोललो. तो चुकीचं मागत होता असं मला आजही वाटत नाही. म्हणूनच हे पत्र त्या एका माणसाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. नोकरी आहे म्हणजे गाण्याचे पैसे लागत नाहीत, हे वाक्य त्याने एकट्याने तयार केलेलं नाही. ते तुमच्या व्यवसायात सर्रास बोललं जातं.

आमचं गाणं कसं होतं ते जरा सांगते. कान्हे स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर पोल्ट्रीची एक रिकामी शेड आहे, ती आम्ही महिन्याच्या भाड्याने घेतली आहे. चौघांच्या सुट्ट्या जुळवणं हेच निम्मं काम. लोणावळ्यात गर्दी शनिवार-रविवारची, त्यामुळे ड्रमरला नेमकी तेव्हाच सुट्टी नसते. शाळेला रविवार, मला गुरुवार, हिंजवडीवाल्याच्या मीटिंगा अमेरिकेच्या घड्याळाने. मग कुणी कॉम्प-ऑफ टाकतो, कुणी पाळी बदलून घेतो, आणि महिन्यातून तीनदा चारही माणसं एका पत्र्याखाली येतात. जून लागला की ध्वनिमुद्रण बंद. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कान्ह्याला त्यापेक्षा बराच कमी, पण पत्र्यावर तोही ढोलासारखा वाजतो. दमटपणाने गिटारची मान वाकते, तारा गंजतात, केसच्या अस्तराला बुरशी धरते. ज्या गाण्यासाठी तुमचा फोन आला त्याची लय त्या पत्र्यावरच सापडली होती. जुलैतल्या एका संध्याकाळी माइक बंद करून बसलो होतो, तेव्हा ड्रमरने पावसाच्या आवाजाबरोबर मांडीवर ठेका धरला. शब्द मी दुसऱ्या पाळीहून येताना बसमध्ये लिहिले. ड्रम्स पुण्याच्या स्टुडिओत एप्रिलमध्ये घेतले, चौघांच्या दोन-दोन रजा घालून. स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, मास्टरिंग, सगळं पगारातून.

म्हणजे त्या गाण्याचा निर्माता आमचा पगार होता. त्याने पैसे घातले आणि परत मागितले नाहीत. तुम्ही येता तेव्हा गाणं तयार असतं, त्यातली जोखीम कुणीतरी आधीच उचललेली असते. अशा वेळी नोकरीकडे बोट दाखवून रक्कम शून्य करणं म्हणजे ज्याने आधी भरलं त्यालाच पुन्हा भरायला लावणं.

आता हौस. हा शब्द मला जवळचा आहे आणि तो तुमच्याही घरचा आहे. 'थिएटर ॲकॅडमी' या नाट्यसंस्थेची माणसं आठवा. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलच्या जीवरसायनशास्त्र विभागात. १९७४ च्या 'महानिर्वाण' नाटकाचं संगीत करणारे आनंद मोडक बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरीला होते आणि पुढे 'चौकट राजा', 'मुक्ता', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटांचं संगीतही त्यांचंच. बँकेत नोकरी आहे म्हणून मोडकांची चाल कमी वजनाची होती असं कुणी म्हणेल का? मराठी रंगभूमीने आणि मराठी चित्रपटाने नोकरी करणाऱ्या माणसांच्या संध्याकाळींवर अर्धशतक काढलं आहे. तालमी साडेसहानंतर सुरू व्हायच्या, कारण ऑफिस सहाला सुटायचं.

वसंतराव देशपांडे तर लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, दोन दशकांहून अधिक काळ. नोकरीने त्यांना पार ईशान्येकडे नेऊन टाकलं. ती सोडल्यावर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'त ते खाँसाहेब झाले आणि मग महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. त्या नाटकाचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकीबुवांनी आकाशवाणीत नोकरी केली होती, आणि पुढे आमच्या लोणावळ्यात गुरुकुल चालवलं. माझ्या गावापासून लोकलने अर्ध्या तासावर त्या माणसाच्या घरात पोरं राहून गाणं शिकत होती, हे मला बँड सुरू केल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. शाळेत कुणी सांगितलं नाही. २०१५ मध्ये 'कट्यार'चा चित्रपट आला तेव्हा अभिषेकीबुवांची पदं राखून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली. त्यातले शंकर महादेवन गाण्यात पूर्णवेळ येण्याआधी सॉफ्टवेअर इंजिनिअर. 'अरुणि किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे बुवांचे शिष्य, आणि शिक्षणाने अभियंते. एका चित्रपटाच्या एका अल्बममागे किती पगारपत्रकं आहेत पाहा.

याहून जुनं सांगू? आमच्या तालुक्यात सुदुंबरे गावी संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तेलाचा घाणा चालवणारा माणूस. तुकोबांच्या मागे टाळ धरणाऱ्यांतला एक, आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारा. ज्यांच्यामागे टाळ धरला ते तुकोबा वाणी, देहूत दुकान. जवळच भंडारा डोंगर, तुकोबा जिथे जाऊन बसत तो. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार ही नावं आपण रोज घेतो आणि प्रत्येक नावात धंदा आहे. आमच्या मुलखात गाणारा माणूस पूर्वीपासून काहीतरी विकून, घडवून, पेरून मग गात आला आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये प्रभातने हे नेमकं दाखवलं होतं. केशवराव भोळ्यांचं संगीत, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग पुष्कळांना थेट तुकोबांचाच वाटला. आठवल्यांचं नाव चित्रपटावर होतं म्हणून आज आपण तो आठवल्यांचा आहे असं म्हणू शकतो. पडद्यावरचं नाव इतकं महत्त्वाचं असतं.

रॉकवाल्यांबद्दल बोलायचं तर हिंदीतले दोन चित्रपट आठवतात. २००८ चा 'रॉक ऑन' मला पाठ आहे. त्याची गाणी वाजवतच मी पॉवर कॉर्ड शिकले. पण त्यात नोकरी म्हणजे बँडचा मृत्यू. एक गुंतवणूक बँकेत, एक दागिन्यांच्या दुकानात, आणि दोघांचे चेहरे विझलेले. त्याच्या पाच वर्षं आधी आलेला 'झंकार बीट्स' मला जास्त खरा वाटतो. जाहिरात कंपनीत काम करणारे दोन मित्र, घर, बायको, बॉस, आणि दरवर्षीची स्पर्धा. नोकरी सुटत नाही आणि गाणंही सुटत नाही. संगीत विशाल-शेखरचं, त्यातला विशाल ददलानी 'पेंटाग्राम' या मुंबईच्या रॉक बँडचा गायक. परदेशातही वेगळं नाही. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मोठ्या ऑपेरागृहात करून आला आणि पुन्हा टॅक्सी चालवायला बसला. वय चाळिशीकडे झुकलेलं. चित्रपटांची संगीतं त्याच्यानंतरची.

मग मी चित्रपटाच्याच दाराशी का आले, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर लोणावळ्यातल्या कुठल्याही शनिवारी मिळेल. रिसॉर्टमध्ये आणि पवनेच्या तंबूंवर 'लाइव्ह म्युझिक'ची सुपारी असते. शेकोटी, एक गिटार, तालाला एक कहोन, दोन स्पीकर. आमच्यापैकी ज्याला वेळ असेल तो जातो. लोक फर्माइश करतात आणि ती नव्याण्णव टक्के चित्रपटातल्या गाण्याची असते. १९९८ चं 'आती क्या खंडाला' दर आठवड्याला, कारण ते खंडाळ्यात आलेले असतात. मला त्याचा राग नाही. आपल्या देशात गाणं लोकांच्या तोंडी जातं ते चित्रपटातून, हे अनेक दशकांचं वास्तव आहे. आमचं ओरिजिनल मी मध्येच घुसवते तेव्हा लोक मान डोलावतात आणि संपल्यावर विचारतात, "कुठल्या पिक्चरमधलं?" कुठल्याच नाही, म्हटलं की त्यांचा चेहरा जरा गोंधळतो, एखादी ताई हळूच म्हणते, "पण छान होतं हो." तो प्रश्न ऐकून मी घरी येते आणि त्या न केलेल्या सहीचा पुन्हा विचार करते.

चित्रपट बँडला काय देऊ शकतो, हे 'इंडियन ओशन' या बँडकडे बघून कळतं. त्यांचं संगीत असलेला 'ब्लॅक फ्रायडे' खटल्यात अडकून होता, २००७ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला, पण त्याची गाणी आधीच लोकांत पोचली होती. त्यांच्यातला राहुल राम कॉर्नेलची पर्यावरण-विषशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन नर्मदेच्या आंदोलनात गेलेला माणूस. आणि २०१९ च्या 'गली बॉय'मध्ये डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं आधीच गाजलेलं 'मेरे गली में' आलं. चित्रपटाने ती गल्ली शोधली आणि तिचं गाणंही तिथूनच उचललं.

मराठीतही हे जवळ येऊन गेलंय. उमेश कुलकर्णींचा 'हायवे' २०१५ चा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांत घडणारा. म्हणजे आमच्याच दारातून गेलेला. त्याचं संगीत अमित त्रिवेदींचं, जे स्वतः आधी 'ओम' नावाच्या बँडमध्ये होते. मला तो चित्रपट आवडला. थिएटरातून बाहेर पडताना इतकंच वाटलं की या रस्त्याच्या दोन्ही कडांना, वडगाव, कामशेत, मळवलीला, संध्याकाळी शटर ओढून वाजवणारी पोरं आहेत. पुढच्या वेळी गाड्या थांबवाल तर त्यांचंही ऐका.

आता कागदाचं बोलते, कारण तिथेच सगळं बिनसतं आणि आमच्यासारख्यांना तिथलं काही शिकवलेलं नसतं. मला हे त्या एका पानामुळे वाचावं लागलं. आपण स्वतः केलेल्या गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द आणि चाल ही एक, त्यांचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. बँडने स्वतःच्या पैशाने मुद्रण केलं असेल तर दोन्ही बँडच्या. तुम्हाला चित्रपटात ते वापरायचं तर दोन्हींची परवानगी लागते, मालकी लागत नाही. हा फरक फार मोठा आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणं करवून घेतलं, तर उलट करार नसल्यास पहिला मालक निर्माता. आपल्याकडचे बहुतेक गीतकार-संगीतकार त्यानंतर पस्तीस वर्षं रॉयल्टीवाचून राहिले. २०१२ मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत किल्ला लढवला. आता चित्रपटगृहातले खेळ सोडून इतरत्र गाणं वाजेल, तेव्हा रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराचा. आणि तो वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. म्हणजे 'सर्व हक्क कायमचे' असं छापून आणलेल्या त्या पानाला कायद्यानेच मर्यादा घातलेली होती. आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि पान पाठवणाऱ्याला माहीत असेल तर त्याने सांगितलं नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी आहे, १९६९ ची, २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी झालेली. मी गेल्या वर्षी तिची सभासद झाले. बेसवाल्यालाही केलं. त्या दिवशी आम्ही कामशेतला मिसळ खाल्ली आणि जुना विषय पहिल्यांदा मोकळेपणी बोललो.

मोठ्या संगीतकाराइतके पैसे मागण्याचा आमचा विचार नाही. मराठी चित्रपटाचं बजेट किती तंग असतं हे आम्हाला दिसतं. युनिटची माणसं ड्रमरच्याच हॉटेलात एका खोलीत चौघं उतरतात. रक्कम लहान असू द्या, पण रेघ नको. तयार गाणं घ्या तर ठरावीक काळासाठी, त्या चित्रपटापुरतं घ्या, आणि गाणं बँडकडे राहू द्या, म्हणजे आम्ही ते पुढच्या शनिवारी पवनेवर वाजवू शकू आणि कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. नाव शेवटच्या पाटीवर येतं तसं अल्बमवरही आणि ऑनलाइन गाण्याच्या माहितीतही यावं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी. तिथे नाव नसेल तर रॉयल्टीचा रस्ताच तुटतो. नवीन गाणं करवून घेणार असाल तर मुद्रणाच्या तारखा पंधरा दिवस आधी सांगा. पूर्णवेळ वादक उद्या सकाळी येऊ शकतो. आम्हाला रजेचा अर्ज टाकावा लागतो, आणि लाइनवर माणूस कमी असेल तर सुपरवायझर तो परत पाठवतो. एवढं सांभाळलंत तर आम्ही वेळेवर येऊ, ट्यून करून येऊ, आणि दुसऱ्या टेकला काम संपवू. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला वेळ वाया घालवणं परवडत नाही.

आणखी एक मागणं आहे, जरा मनातलं. अल्बम करताना सगळी गाणी एकाच संगीतकाराकडून आणायचा आग्रह थोडा सोडा. एक गाणं साताऱ्याच्या बँडचं, एक नागपूरच्या पोरीचं, एक सावंतवाडीचं. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा बँड अभंग रॉकमध्ये गातो आणि कॉलेजातली पोरं तोंडपाठ म्हणतात. ऐकणारे आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. चित्रपटाचा अल्बम हा आमच्या पिढीच्या मराठी गाण्यांचा संग्रह होऊ शकतो, आणि ते फक्त तुमच्या हातात आहे. आमच्याकडे गाणी आहेत, पडदा तुमच्याकडे आहे.

ते घाटाचं गाणं अजून आमच्याकडेच आहे. कुठल्याही चित्रपटात गेलेलं नाही. ऑक्टोबर लागला की पत्रा गप्प होतो आणि शेडमध्ये पुन्हा माइक लावतो. कुणाला ऐकायचं असेल तर गुरुवारी या. पुण्याहून लोणावळा लोकलने कान्ह्याला उतरा, पण सकाळची गाडी पकडा. दुपारी लोकल कमी असतात आणि स्टेशनवर बसायला सावली फार नाही. रूळ ओलांडून भाताच्या खाचरांच्या बांधाने सरळ चालत आलात की बेसचा आवाज आधी ऐकू येईल. ड्रमरला त्या दिवशी रात्रपाळी असते, त्यामुळे चारपर्यंत पोचा.

आपली,
मावळातली एक गिटारवादक
तळेगाव दाभाडे